काळ्या मातीची ओल

सराफ्यातील पेढीवर सोने तोलतात ते काट्यावर. मातीतील ओल मोजण्याची जुनी व आजही प्रमाण मानली जाणारी रीत काट्याचीच आहे. शेतातील माती तोलावी, १०५ अंश सेल्सिअसला भट्टीत चोवीस तास वाळवावी व पुन्हा तोलावी. वजनात जी तूट येईल तेवढे पाणी. पण अवघ्या माळव्याची माती अशी कोण तोलणार?

प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. पहिल्याच सरीवर विसंबून सोयाबीन पेरले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर बियाणे मातीतच वाया जाते व दुबार पेरणी शेतकऱ्याच्या माथी येते. म्हणून सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावे, असा सल्ला आम्हा इंदूरकरांच्या गावची सोयाबीन संशोधन संस्था देते. पाऊस मोजणे सोपे; त्यातील किती पाणी जमिनीत टिकले हे सांगणे अवघड.

ते काम संगणकावरील प्रतिमान करते. प्रतिमान म्हणजे जमिनीची कीर्दच: पाऊस जमेस, बाष्पीभवन, वाहून गेलेले पाणी व पाझर खर्ची, उरेल ती शिल्लक. परंतु माळव्याची काळी माती हिशेबाला फारशी जुमानत नाही. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात व पहिला पाऊस त्यांतून थेट खाली उतरतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि तेच पाणी वरून वाहू लागते. (हिच्याच ओलीवर पूर्वी येथे गहू ओलिताविना पिकत असे.) रोजची लहानशी चूक साचत जाऊन महिनाअखेर शिल्लक भलतीच निघते.

येथे उपग्रह साहाय्यास येतो. जमिनीतून सूक्ष्मतरंग सतत बाहेर पडत असतात. ओली जमीन ते कमी सोडते, म्हणून उपग्रहास ती ‘थंड’ दिसते. २१ सेंटिमीटर लांबीचे हे तरंग ढगांतून आरपार जातात, हे पावसाळ्यात मोठेच भाग्य! युरोपचा ‘स्मॉस’ २००९ साली व अमेरिकेचा ‘स्मॅप’ २०१५ साली याच कामी अवकाशात गेले. तेही निर्दोष नाहीत. त्यांची दृष्टी वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर थरापुरती, आणि त्यांचा एक ठिपका जवळजवळ ४० किलोमीटरांचा. सराफा मध्यभागी धरला, तर राजवाडा, घरांच्या गच्च्या, सिरपूर व बिलावलीचे तलाव आणि राऊची शेते सारी एकाच ठिपक्यात येतात.

मग विश्वास कोणावर ठेवावा? दोघांवरही, पण ज्याच्या त्याच्या पतीप्रमाणे. समजा, प्रतिमान ओल ३० टक्के सांगते व त्याची चूक ४ टक्क्यांची असते; उपग्रह २२ सांगतो व त्याची चूक २ ची. चुकांचे वर्ग १६ व ४. म्हणून प्रतिमानास एक भाग, तर उपग्रहास चार भाग वजन द्यावे. उत्तर २३.६ येते. दोघांच्या चुका परस्परांवर अवलंबून नसतील, तर या उत्तराची संभाव्य चूक १.८ च्या आसपास राहते, म्हणजे दोघांहूनही कमी! प्रत्येक नव्या निरीक्षणासरशी हा हिशेब पुढे चालविण्याची रीत रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडली.

वरच्या थरातील दुरुस्ती प्रतिमान मग मुळांच्या थरापर्यंत नेते, जेथे उपग्रहाची दृष्टी पोचत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ रडारने पाहतो. त्याचा ठिपका कित्येक पटींनी लहान आहे. मात्र त्याच मार्गावर तो बारा दिवसांनी परततो, आणि दोन भेटींमधल्या दिवसांची कीर्द प्रतिमानालाच लिहावी लागते.