चित्रकाराला भेटायचंय, पण संकोच वाटतो

प्रश्न : आवडत्या चित्रकाराचं प्रदर्शन मुंबईच्या ‘जहांगीर’ कलादालनात आहे. साताऱ्याहून जाऊन भेटता येईल? चित्र घेण्याची ऐपत नाही.

उत्तर : ऐपतीचा प्रश्नच नाही, प्रवेश विनामूल्य असतो. काळा घोडा भागातल्या या १९५२ सालच्या दालनात प्रदर्शनं बहुधा मंगळवार ते सोमवार, ११ ते ७ चालतात आणि चित्रकार सहसा तिथेच बसलेला असतो. उद्घाटनाची संध्याकाळ टाळा; हारतुऱ्यांत बोलणं होत नाही. आडवारी दुपारी जा. आधी चित्रं निवांत पाहा. ‘अर्थ काय?’ असं मात्र विचारू नका (वैतागतात बिचारे!). ‘हा पोत कसा आणलात?’ विचारा, माणूस खुलतो. निघताना अभिप्रायवहीत दोन ओळी लिहा. गप्पा लांबल्या तरी चहाला तिथलं ‘सामोवर’ उपाहारगृह आता नाही, ते २०१५ मध्ये बंद झालं.