साथीच्या दिवसांतील आईबाप: मनाच्या दुखण्याविषयीं एक धडा

बाळंतिणीच्या अंगाची काळजी कशी घ्यावी हें आपल्या गांवांतील वडीलधाऱ्या बायांना शिकवावें लागत नाहीं. शेकशेगडी, बाळंतकाढा, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांति, हें सर्व आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. परंतु त्याच खोलींत निजलेल्या बाईच्या मनाची विचारपूस कोण करितो? बाळ कसें आहे, दूध येतें कीं नाहीं, एवढें विचारून पाहुणा उठतो. ह्या धड्यांत आपण त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे वळूं, आणि कोविडच्या साथीनें त्याविषयीं काय शिकविलें तें पाहूं.

१. साथीनें काय हिरावून नेलें

जागतिक आरोग्य संघटनेनें ता. ११ मार्च २०२० रोजीं ही महासाथ असल्याचें सांगितलें, व ता. २५ मार्चपासून आपल्या देशांत टाळेबंदी सुरू झाली. आगगाड्या व एस.टी. बंद पडल्या. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें ही आपली रीत. पण माहेर दहा कोसांवर असूनहि कित्येक मुलींना तेथें जातां येईना. डोहाळजेवण नाहीं, बारसें नाहीं, न्हाऊं घालणारी बाई दारांत येण्यास भिते. नवरा मुंबईपुण्याकडे कामाला असला तर तो तिकडेच अडकला, अथवा काम सुटून रिकाम्या हातानें पायीं गांवाकडे निघाला. पुष्कळ इस्पितळांत प्रसूतीच्या वेळीं सोबतीला कोणास जाऊं देत नसत. कांहीं ठिकाणीं बाधा झालेल्या आईपासून तिचें बाळ वेगळें ठेवीत. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र असा होता कीं, आईनें हात धुऊन व मुखपट्टी बांधून बाळाला जवळच ठेवावें व अंगावर पाजावें. गरोदर स्त्रियांना लस घेण्याची मुभा आपल्या सरकारनें ता. २ जुलै २०२१ रोजीं दिली. तोंपर्यंत दुसऱ्या लाटेचा मोठा तडाखा बसून गेला होता.

ता. ५ मे २०२३ रोजीं जगावरील ही आणीबाणी संपल्याचें जाहीर झालें. परंतु धडा संपला नाहीं. ज्या गोष्टी आपण केवळ रीत म्हणून पाळीत होतों, त्याच बाळंतिणीच्या मनाचा आधार होत्या, हें त्या नाहींशा झाल्यावर कळलें.

२. दुखण्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी: बाळंत झाल्यावर दोन-तीन दिवसांनीं पुष्कळ बायांना उगीच रडूं येतें व चिडचीड होते. हें बहुधा दोन आठवड्यांच्या आंत आपोआप ओसरतें. विश्रांति व मायेचा शब्द हेंच त्याला औषध.

दुसरी पायरी: दोन आठवडे उलटले तरी उदासी सरत नाहीं. बाळ निजलें असतांहि आईला झोप येत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, कशांतहि मन रमत नाहीं. आपण वाईट आई आहों असें तिला वाटतें, आणि कधीं मरणाचे विचार मनांत येतात. हा खिन्नतेचा आजार होय, आणि तो गरोदरपणांतहि जडतो. ह्यांत त्या बाईचा दोष नाहीं, व तिची श्रद्धा कमी पडली असेंहि नाहीं.

तिसरी पायरी क्वचित् दिसते. हजार बाळंतपणांत एक किंवा दोन. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच बाई भ्रमिष्टासारखी होते, नसलेले आवाज ऐकते, घरच्यांचा भलताच संशय घेते. तिला त्याच दिवशीं इस्पितळांत न्यावें, आणि तोंपर्यंत तिला व बाळाला क्षणभरहि एकटें ठेवूं नये. लोक ह्यास बाहेरची बाधा समजून अंगारेधुपारे करीत बसतात, व मोलाचे दिवस हातचे जातात.

हें दुखणें थोडक्यांचें आहे असें कोणी समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें विकसनशील देशांत गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा १५.६ व बाळंत झालेल्यांपैकीं शेंकडा १९.८ स्त्रियांना मनाचा आजार होतो, आणि त्यांत खिन्नता मुख्य. गोव्यांतील एका अभ्यासांत, जो २००२ सालीं प्रसिद्ध झाला, सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकीं शेंकडा २३ खिन्न आढळल्या. गरिबी, नवऱ्याशीं न पटणें आणि मुलगी होणें, ह्यांशीं त्या आजाराचा संबंध दिसून आला. हे आंकडे साथीच्या पूर्वींचे आहेत. ज्या घरांत आधींच तेल कमी, तेथें साथीच्या वाऱ्यानें दिव्याचें काय झालें असेल, ह्याचा विचार करावा.

३. बापाचेंहि मन असतें

२०१० सालीं अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले असतां, सुमारें दहांत एका बापाला मुलाच्या जन्माच्या सुमारास खिन्नता येते असें दिसलें. पुरुष बहुधा रडत नाहीं. तो घुमा होतो, संतापतो, घर टाळतो, किंवा दारूकडे वळतो. टाळेबंदींत ज्याची मजुरी बुडाली, आणि ज्याच्या घरीं त्याच महिन्यांत पाळणा हलला, त्याच्या संतापाआड किती भय होतें हें कोणीं विचारलें? मारहाण मात्र कोणत्याहि दुःखानें क्षम्य होत नाहीं. तेथें प्रथम आईस व बाळास सुरक्षित जागीं पोंचवावें.

४. आपण काय करावें

त्या दिवसांत आम्हीं पुष्कळांना फोनवरून 'धीर धरा' एवढेंच सांगितलें व फोन ठेविला. समोरची बाई गप्प राहिली, तिला आम्हीं समाधान झालें असें समजलों. ती आमची चूक होती.

पाकिस्तानांतील रावळपिंडीजवळच्या खेड्यांत ह्याहून चांगला मार्ग आजमावून पाहिला गेला. तेथील साध्या आरोग्यसेविकांनीं, ज्या डॉक्टर नव्हत्या, खिन्न गरोदर स्त्रियांच्या घरीं गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून पुढें अशा सोळा भेटी दिल्या, त्यांचें ऐकून घेतलें, व घरच्यांना कामांत सामील केलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा: बाळ सहा महिन्यांचें झालें तेव्हां ह्या स्त्रियांपैकीं शेंकडा २३ खिन्न राहिल्या, ज्यांना नुसत्या नेहमींच्या भेटी मिळाल्या त्यांच्यांत शेंकडा ५३. ह्यावरून दिसतें कीं, शिकवून तयार केलेली साधी माणसें नियमानें गेलीं, तर पुष्कळ होऊं शकतें.

म्हणून भेटीस जातां तेव्हां बाळाआधीं आईची चौकशी करावी, आणि शक्य तर ही चौकशी एखाद्या विश्वासू बाईनें एकांतांत करावी. 'तुला झोप लागते का? मन कसें आहे?' असें विचारून उत्तराची वाट पाहावी. मरणाचे विचार येतात का, हेंहि सरळ विचारावें. विचारल्यानें ते मनांत शिरत नाहींत, उलट बोलण्यास वाट होते. रात्रीं कांहीं तास बाळ बापानें किंवा आजीनें सांभाळावें, म्हणजे आईला सलग झोप मिळेल. उदासी दोन आठवड्यांवर गेली तर आशाताईला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रांत न्यावें. अंगावर पाजणाऱ्या आईलाहि डॉक्टर योग्य तें औषध देऊं शकतात. तें आपल्या मनानें बंद करूं नये. २०२२ सालापासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मोफत व अहोरात्र चालते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.

बाळ हिरावून घेतील ह्या भयानें कित्येक आया तोंड उघडीत नाहींत. त्यांना सांगावें कीं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें इस्पितळांत उपचार घेणाऱ्या आईपासून तिचें तीन वर्षांखालील मूल सहसा दूर करितां येत नाहीं. तसें करणें तिच्यापासून मुलाला धोका असल्यास, किंवा मुलाच्या हितासाठीं व सुरक्षिततेसाठीं जरूर असल्यासच करितात, व तेंहि तात्पुरतें.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. आपल्या वस्तींत आज गरोदर किंवा बाळंतीण कोण आहे? तिचें माहेर जवळ आहे काय?
२. साधें रडूं आणि खिन्नतेचा आजार ह्यांतील भेद कोणत्या खुणांनीं ओळखावा?
३. पुन्हां साथ आली आणि दारें बंद झालीं, तर प्रत्येक बाळंतिणीकडे आठवड्यांतून एकदां फोन कोण करील? त्या माणसाचें नांव आजच ठरवावें.