कर्जखत व कायदा : एक अभ्यास

नवा कायदा झाला म्हणजे तो शहरांतल्या वकिलांच्या कामाचा, असें खेड्यांत पुष्कळांस वाटतें. परंतु कायद्यांतील एक कलम बदललें कीं सावकाराची वही बदलते, आणि वही बदलली कीं त्याची झळ कुळाच्या चुलीपर्यंत पोहोंचते. हें कसें घडतें तें दख्खनच्या इतिहासावरून आपण ह्या पाठांत पाहूं.

१. चांगला हेतु, वाईट परिणाम. १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला. नोंदणी न केलेल्या साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आंत फिर्याद केली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. जुनीं देणीं उकरून कोणी ऋणकोस छळूं नये, हा त्याचा हेतु. पण तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळास बोलावून नवें खत लिहून घेऊं लागले व थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवूं लागले. उदाहरणार्थ, दरमहा शेंकडा २ रुपये व्याजानें १०० रुपये काढले असें धरूं. तीन वर्षांनीं खत १७२ रुपयांचें होतें, सहा वर्षांनीं सुमारें २९६ रुपयांचें, आणि नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ रुपयांचें. मुद्दलापेक्षां अधिक व्याज एका वेळीं घेऊं नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता. त्याप्रमाणें देणें २०० रुपयांवर थांबावयाचें. परंतु प्रत्येक नव्या खतांत व्याज हेंच मुद्दल झाल्यामुळें तो नियम निरुपयोगी झाला.

२. दंगे व नवा कायदा. अमेरिकेंतील युद्ध १८६५ सालीं संपल्यावर कापसाचे भाव उतरले, आणि कर्जाचा भार असह्य झाला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक सावकारांवर उठले, व हा दंगा पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः खतांवर होता. तीं हिसकावून जाळलीं गेलीं. चौकशीअंतीं १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं झाला. कोर्टानें खतावरील आंकडा जसाच्या तसा न मानतां व्यवहाराचा आरंभापासून तपास करावा, मुद्दल व व्याज वेगळें काढावें, शेतकऱ्यास कर्जापायीं तुरुंगांत घालूं नये, आणि सावकारानें पावती द्यावी, अशीं त्यांत कलमें होतीं.

३. पळवाट. आतां सावकारास गहाणखताची खात्री वाटेना. कांहींनीं कर्ज देणेंच कमी केलें, व गरजू कुटुंबांस पेरणीच्या वेळीं पैसा मिळेना. कांहींनीं गहाणाऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याची रीत धरली. तोंडानें म्हणावयाचें, “पैसे फेडा आणि शेत परत घ्या,” पण कागदावर विक्री. म्हणून १९०७ सालीं दुरुस्ती करून, हें खरेदीखत वस्तुतः गहाण आहे काय, हें तपासण्याचा अधिकार कोर्टास दिला. त्याआधीं १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदाही झाला होता; कारण सावकाराचा हात धरला तर दुसरा कोणता तरी हात पुढें करावा लागतो.

४. आजची स्थिति. १८७९ चा कायदा आज अंमलांत नाहीं. महाराष्ट्रांत २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा चालतो. परवान्यावांचून सावकारी करणारास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. आणि अवैध सावकारीच्या व्यवहारांत गेलेली जमीन, चौकशीअंतीं, परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. परंतु दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९२९ च्या दुरुस्तीपासून असा नियम आहे कीं, जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतांत लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाहीं. तोंडी वचनावर खरेदीखत करून देणारा मनुष्य स्वतःच्या हातानें आपल्या मुलांचें शेत विकतो.

५. आपलें कर्तव्य. कायदा ढालीसारखा आहे. ती भिंतीवर टांगून ठेवली तर वार चुकत नाहीं. म्हणून आम्ही सुचवितों कीं, सावकाराचा परवाना आधीं पाहावा. खत दोनदां मोठ्यानें वाचून घ्यावें, व तें वाचतांना घरांतील स्त्रियांसही बसवावें. कारण धनी मेल्यावर त्या कागदाला तोंड त्यांनाच द्यावें लागतें. कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा कधींही करूं नये. प्रत्येक हप्त्याची पावती जपावी. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांना गांवांतील शिक्षकांनीं व उपदेशकांनीं खत वाचून दाखवावें. ह्या सेवेस पैसा लागत नाहीं, पण तिनें एखादें घर वांचतें.

विचारासाठीं प्रश्न : (१) १८५९ च्या कायद्यानें ऋणकोचें कर्ज कसें वाढलें? (२) गहाणखत व खरेदीखत ह्यांत भेद काय? (३) आपल्या घरांतील कर्जाचे कागद कोठें आहेत, व ते घरांत आणखी कोणास ठाऊक आहेत?