पचेल की साठेल, ते आधी बघ

चि. सुहास,

प्लॉट बघून आले. जागा झकास आहे, पाणी आहे, रस्ता आहे. पण तिथं इतकी वर्षं ट्रकचं गॅरेज होतं, हे ध्यानात ठेव आणि लगेच वाफे पाडायला बसू नकोस. ‘चार झाडं लावली की जमीन आपोआप शुद्ध होते’ असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसलं की माणूस विषावर मेथी पिकवून खातो.

म्हणून पहिली गोष्ट. कुठल्याही घाणीला आधी नाव विचार. तेल, डिझेल, साबण, फवारणीची औषधं, कापडाचे रंग ही सगळी कार्बनची जोडकामं. ती तुटू शकतात. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा ही मूलद्रव्यं. जगातलं कुठलंही झाड शिशाचं दुसरं काही करू शकत नाही. फार तर मातीतून उचलून पानात ठेवेल, नाहीतर मुळाशी धरून ठेवेल. पहिल्या जातीचं विष पचतं, दुसऱ्या जातीचं साठतं. कुठं काय लावायचं आणि कापलेल्या पाल्याचं काय करायचं, हे सगळं यावरूनच ठरतं.

पचवणं म्हणजे काय, ते तू लहानपणापासून बघितलेलं आहेस. मक्यात ॲट्राझीन मारलं की तण पिवळं पडून जातं आणि मका तसाच उभा राहतो. उसातही तेच. औषध मक्याच्या अंगात जात नाही असं नाही, जातंच. पण मक्याकडे एक विकर आहे, ते ॲट्राझीनच्या रेणूतला क्लोरीन काढून त्या जागी ग्लुटाथिओन नावाचा रेणू चिकटवतं. मग ते औषध औषध राहत नाही. तणाला हे इतक्या चपळाईनं जमत नाही, म्हणून ते मरतं. सोयाबीनलाही जमत नाही. म्हणूनच उसात सोयाबीनचं आंतरपीक असेल तर ॲट्राझीनला हात लावायचा नसतो, हे आपल्याकडच्या गड्यालाही ठाऊक असतं.

झाडांची ही रीत तीन पायऱ्यांची. आधी परक्या रेणूला ऑक्सिजन वगैरे जोडून तो पकडीत आणायचा, मग त्याला साखर किंवा ग्लुटाथिओन चिकटवून निरुपद्रवी करायचा, आणि शेवटी पेशीतल्या रिक्तिकेत नाहीतर पेशीभित्तीत कोंबून ठेवायचा. पहिल्या दोन पायऱ्या आपल्या यकृतासारख्याच, म्हणून झांडरमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं झाडांना ‘हिरवं यकृत’ म्हटलं. फरक तिसऱ्या पायरीत आहे. आपण नको ते लघवीवाटे बाहेर टाकतो. झाडाला ती सोय नाही, ते घरातच ठेवतं.

आता तुझा प्लॉट. जिथं गाड्यांचं ऑइल बदलायचे तो काळा पट्टा बघितलास ना? तो पचणाऱ्यातला. तिथं हरळी लाव. हरळीला लोक नावं ठेवतात, पण तेलकट मातीत तिच्याइतकी चिवट दुसरी कुणी नाही. मात्र तेल हरळी खात नाही. मुळं साखर, आम्लं असं काहीबाही मातीत सोडत असतात, त्यावर जिवाणू पोसले जातात, आणि तेल तोडतात ते जिवाणू. उघड्या मातीपेक्षा मुळांलगत त्यांची वस्ती दहापट ते शंभरपट दाट असते. त्यांना तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि नत्र. म्हणून आधी माती कुदळीनं मोकळी कर, कुजलेलं शेणखत घाल, थोडा युरिया दे आणि मगच हरळीचे ठोंब लाव. पाणी बेतानं, चिखल केलास तर हवा गेली आणि काम थांबलं. डिझेलसारखं पातळ तेल लवकर जातं, जुनं घट्ट ऑइल वर्षानुवर्षं रेंगाळतं. पुढच्या दिवाळीपर्यंत सगळं स्वच्छ होईल अशी आशा धरू नकोस.

पलीकडचा पत्र्याच्या शेडचा कोपरा, जिथं बॅटऱ्या उघडायचे, तो मात्र साठणाऱ्यातला. तिथं शिसं असणार हे धरूनच चाल. मोहरी शिसं उपसते हे खरं आहे, प्रयोगशाळेत दाखवलेलंही आहे. पण शिसं मातीच्या कणांना घट्ट बसलेलं असतं. ते सुटावं म्हणून ईडीटीएसारखं रसायन घालावं लागतं, आणि सुटलेलं शिसं मुळात जाईलच असं नाही, खाली विहिरीकडेही उतरतं. हा उद्योग घरी करायचा नाही. २०११ नंतर जपानमध्ये फुकुशिमाजवळ लोकांनी हौसेनं सूर्यफुलं लावली, किरणोत्सारी सीझियम उपसायला. फारसं काही निघालं नाही, कारण चिकणमातीनं सीझियम धरून ठेवलं होतं. मातीनं सोडलं तरच मूळ उचलणार.

त्या कोपऱ्यातली वरची माती जाणत्या माणसाकडून काढून घे आणि ती घातक कचऱ्याच्या रीतसर सोयीनंच जाऊ दे, नाल्यात नको. जे उरेल त्यावर कंपोस्ट आणि सुपर फॉस्फेट घाल. फॉस्फेटशी शिसं जखडून बसतं. वर दाट वाळा लाव. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, माती धुपत नाही, धूळ उडत नाही. शिसं पोरांच्या पोटात जातं ते मुख्यतः धुळीतून आणि मातीच्या हातांतून, आणि तुझी धाकटी अजून सगळं तोंडात घालते.

भाजीचं म्हणशील तर पालेभाजी जमिनीत नकोच. पालक, मेथी, अळू यांच्या पानांत कॅडमियम-शिसं फळभाजीपेक्षा जास्त येतं, शिवाय पानांवर धूळ बसते ती वेगळीच. बाहेरून माती आणून उंच वाफे कर. तोवर वांगी-टोमॅटो कुंडीत.

मोरीच्या पाण्यासाठी मात्र झाडांवर बिनधास्त भरवसा ठेव. आपल्या आजीच्या परसात न्हाणीचं पाणी कर्दळ-केळीला जायचंच, फक्त आता ती सोय नीट बांधून घे. आधी एक छोटी कुंडी, तेलकट साय तिथं अडेल. ती साय आठवड्याला काढायची. पुढं गिलावा केलेला, दोन फूट खोल खड्डा, माणशी एक ते दोन चौरस मीटर धरून. त्यात अर्धा-पाऊण इंची खडी भर, पाणी येतं तिथं मोठे दगड. पाण्याची पातळी खडीच्या माथ्यापासून दोन-तीन इंच खालीच राहिली पाहिजे, नाहीतर डास; म्हणून बाहेर पडणाऱ्या पाइपला एल्बो लाव, वरखाली करता येतो. हातभर अंतरावर कर्दळीचे गड्डे, कडेला पाणकणीस. पाणथळ झाडांच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो आणि खडीवरचे जिवाणू साबण तोडतात. त्या जिवाणूंना मारायचं नसेल तर फिनेल, ॲसिड आणि ब्लीचिंग मोरीत ओतणं बंद. सूनबाईंना हे तू सांग, मी सांगितलं तर वेगळा अर्थ निघेल. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी आत येऊ द्यायचं नाही.

एक लक्षात असू दे: साबणातलं सोडियम पचत नाही. तेच पाणी वर्षभर एकाच जागी सोडलंस तर जमीन चोपण होते. जागा बदलत राहा, जिप्सम टाक.

पचणाऱ्या विषातही फसगत होते. कापडाचा रंग गेला म्हणजे विष गेलं, असं समजू नकोस. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कापडरंगांवर झाडं वापरून पुष्कळ काम झालंय. झेंडू, ॲस्टर अशी साधी फुलझाडंसुद्धा लॅकेझ, पेरॉक्सिडेझ या विकरांनी रंग तोडतात. इचलकरंजीसारखं गाव शेजारी असल्यावर हे काम इथं व्हावं यात नवल नाही. पण ॲझो रंग अर्धवट तुटला तर पाणी नितळ दिसतं आणि आत ॲरोमॅटिक अमाइन उरतात, मूळ रंगापेक्षा वाईट. डोळ्यांवर जाऊ नकोस, तपासून घे.

जलपर्णीचंही तसंच. ती पाण्यातले धातू शोषते, म्हणून कुणी तिचं गुणगान करेल. पण काढली नाही तर ती तिथंच कुजते, घेतलेलं सगळं परत पाण्यात जातं आणि वर पाण्यातला प्राणवायूही संपतो. कारखान्याच्या नाल्यातली जलपर्णी खतासाठी फुकट मिळाली तरी आणायची नाही. धातू शोषलेला पाला जाळायचाही नाही. २००१ साली फ्लोरिडात एक नेचा सापडला, टेरिस व्हिटाटा, आर्सेनिक पानात भरून घेणारा. आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतीवर, विहिरीच्या कडेला उगवतो तोच. असला पाला पेटवला तर आर्सेनिक धुरातून नाकात.

घरात मनी प्लांट ठेव, छान दिसतो. हवा शुद्ध करतो म्हणून नको. झाडं घरातली हवा शुद्ध करतात हे ज्यावरून सांगतात, तो नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता. खिडकीइतकं काम करायला चौरस मीटरमागे निदान दहा झाडं लागतील असा हिशेब २०१९ मध्ये निघालाय. खिडकी उघड.

आणि माती तपासायला देताना नुसती ‘माती परीक्षण’ म्हणून देऊ नकोस. त्यात मुख्यतः नत्र, स्फुरद, पालाश, सामू असलंच येतं. ‘जड धातू’ असं वेगळं लिहून दे. काळ्या पट्ट्याचा नमुना वेगळा, शेडचा वेगळा, मोकळ्या जागेचा वेगळा. एकत्र कालवलेस तर पैसे वाया. कर्दळीचे गड्डे मी पोत्यात काढून ठेवते. न्यायला येशील तेव्हा रिपोर्ट बरोबर आण.

तुझी,
आत्या