बांधाची उंची कोठून मोजावी?

उंची कोठून मोजली हे सांगितल्यावाचून तिच्या आकड्यास अर्थ येत नाही. उष्णतामापकास बर्फ वितळण्याचे शून्य, घराच्या आराखड्यास मध्यरेषा, तशी भूमापनास आधाररेषा लागते. पनवेलच्या खाडीकाठी खारजमिनीत भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही.

भूमापनाच्या नकाशातील उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. भरतीच्या कोष्टकातील आकडे मात्र अगदी खालच्या ओहोटीच्या सुमारास धरलेल्या पातळीपासून असतात. जहाजांना पाण्याची कमीत कमी खोली कळावी, हा त्यातील हेतू. मुंबईस ही पातळी सरासरी पातळीच्या सुमारे २.५ मीटर खाली आहे. म्हणून कोष्टकातील ४.५ मीटरचे उधाण नकाशाच्या मापाने सुमारे २ मीटरच भरते. या दोन रेषांची गल्लत झाल्यास बाहेरकाठा अकारण उंच होऊन माती व मजुरी वाया जाते. चूक उलटी झाल्यास तो ठेंगणा राहतो, खांड पडते व खारे पाणी भातात शिरते.

यास्तव बांधाचे काम काढण्यापूर्वी आकडे कोणत्या रेषेपासूनचे आहेत, हे विचारून घ्यावे. मुंबईचे उधाण व खाडीतील उधाण तंतोतंत सारखे नसते. म्हणून उघाडीजवळ आढळलेल्या सर्वांत मोठ्या उधाणाची खूण राखावी. ही खूण बांधावर करू नये. मातीचा बांध दरवर्षी खचतो व त्याबरोबर खूणही खाली जाते. ती खडकावर किंवा पक्क्या बांधकामावर कोरावी आणि पावसाळ्यापूर्वी बांधाचा माथा तिच्याशी ताडून पाहावा.