एकोणीस सेकंदांचा हिशेब

आपल्या होस्टेलच्या मागची गल्ली सगळ्यांना माहीत आहे. मेन रोडवरचा सिग्नल लाल दिसला की डावीकडे वळायचं, झेरॉक्सच्या दुकानापासून आत घुसायचं आणि थेट कॉलेजच्या मागच्या गेटपाशी निघायचं. लांबी साधारण ४०० मीटर. दोन्ही बाजूंना बैठी घरं, दोन-तीन अपार्टमेंट, एक पिठाची गिरणी आणि आमची मेस. हा शॉर्टकट मला फर्स्ट इयरला सिनियरनी दाखवला आणि थर्ड इयरपर्यंत मी तो इमानेइतबारे वापरला.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनचा शेवटचा दिवस, जर्नलवर सरांची सही राहिलेली आणि मला उशीर झालेला. गल्लीत गाडीचा काटा पन्नासच्या आसपास होता. मेसच्या थोडं अलीकडे एक चेंडू रस्त्यावर आला आणि त्याच्यामागे मेसवाल्या काकूंचा पाच वर्षांचा नातू. त्याच्या आजोबांनी शर्टाला धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. मी ब्रेक दाबला तेव्हा चेंडू माझ्या मागे पडला होता. मी थांबलो नाही. सही मिळाली. रात्री पोळी वाढताना काकू सांगत होत्या, "कुणी हेल्मेटवाला होता. मेल्यानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही!" मी मान खाली घालून आमटी-भात खात होतो.

पुढच्याच महिन्यात ट्रान्सपोर्टेशनच्या तासाला सरांनी स्टॉपिंग साइट डिस्टन्स शिकवलं. सिव्हिलवाल्यांना हे पाठ असतं (निदान परीक्षेच्या आदल्या रात्री), बाकीच्या ब्रँचसाठी सांगतो. धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दोन तुकड्यांत पडतं. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूनं ठरवलं, हात-पाय ब्रेकवर गेले, हा पहिला तुकडा. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस अडीच सेकंद धरते आणि तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगानेच पुढे जात असते. दुसरा तुकडा ब्रेक लागल्यानंतरचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

घर्षणांक ०.४ धरून आकडे घाला. ताशी ३० किलोमीटरला पहिला तुकडा २१ मीटर, दुसरा ९, एकूण ३०. ताशी ५० ला पहिला ३५, दुसरा २५, एकूण ६०. वेग दुप्पटसुद्धा झाला नाही आणि अंतर मात्र दुप्पट! पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. समजा, मूल ३० मीटरवर रस्त्यात आलं. तीसने येणारा त्याच्यासमोर कसाबसा थांबतो. पन्नासने येणारा तिथे पोचतो तेव्हा त्याचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो, कारण त्याचा पहिला तुकडाच ३५ मीटरचा आहे. म्हणजे धडक पूर्ण पन्नासने. आणि त्या धडकेतली ऊर्जा तीसच्या मानाने जवळजवळ पावणेतीनपट.

रूममेट मेकॅनिकलचा. तो म्हणाला, "अडीच सेकंद म्हाताऱ्यांना लागतात राव, आपला रिफ्लेक्स एका सेकंदाचा." ठीक आहे. एक सेकंद धरला, कोरड्या डांबरासाठी घर्षणांकही ०.७ घेतला. तीसवाला साडेतेरा मीटरच्या आतच थांबला. पन्नासवाला १३.९ मीटरपर्यंत ब्रेकपाशीच पोचला नव्हता. आकडे लहान झाले, गोष्ट तीच राहिली. मग वाचलेला वेळही काढला. ४०० मीटरला तीसने ४८ सेकंद लागतात, पन्नासने २९. कमाई सेकंद एकोणीस! तेवढ्यात सरांची केबिनही उघडत नाही.

मिनी प्रोजेक्टला विषय हवाच होता. गल्लीत ३० मीटर अंतरावर खडूने दोन रेघा मारल्या आणि स्टॉपवॉच घेऊन गिरणीच्या पायरीवर बसलो. ३.६ सेकंद लागले तर वेग तीस, २.२ च्या खाली गेलं तर पन्नासाला पोचला. शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत असतात तो पंच्याऐंशी पर्सेंटाइल वेग. रस्त्यावर प्रत्यक्षात काय चाललंय ते सरासरीपेक्षा तो जास्त नीट सांगतो. आमचा अंदाज होता की रिक्षा आणि टेम्पोवाले सापडणार. पण टेम्पोवाले बिचारे गिरणीपाशी थांबायलाच आलेले. दोनच्या आसपासचे आकडे यायला लागले की नंबर प्लेटशेजारी बहुतेक वेळा आपल्याच कॉलेजचा पार्किंग स्टिकर दिसायचा.

अशा रस्त्यावर राहणाऱ्यांचं काय होतं, हेही कुणीतरी मोजून ठेवलंय. डोनाल्ड ॲपलयार्ड या संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांचा अभ्यास केला. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. सुमारे १६,००० वाहनांच्या रस्त्यावर ०.९. आमच्या गल्लीत हे मोजायला वेगळं यंत्र नको. पूर्वी संध्याकाळी ओट्यावर बायका भाजी निवडत बसायच्या, आता ओटे रिकामे असतात. १९८२ मध्ये अथेन्समध्ये खुद्द ॲपलयार्ड भरधाव मोटारीखाली गेले.

आता उपाय. गल्लीकरांनी एका रात्रीत स्वतःच गतिरोधक घातला. वीतभर उंच, दोन वीत रुंद, नुसता काँक्रीटचा दांडा. तो दोन दिवसांत आपटून फुटला. असा अरुंद उंचवटा वेगात ओलांडला तर धक्का बराचसा सस्पेन्शन खाऊन टाकतं. हळू जाणाऱ्याचं आणि मागे बसलेल्या आजींचं कंबरडं मात्र मोडतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच आहे, ताशी २५ च्या वेगासाठी. मोटारीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा तो लांब, त्यामुळे अख्खी गाडी वर चढून खाली उतरते आणि जितका वेग जास्त तितका त्रास जास्त. वर पांढरे पट्टे आणि अलीकडे पाटी हवीच.

पण गतिरोधकाने वेग कमी होईल, घुसखोरी थांबेलच असं नाही. त्यासाठी गल्लीचं एक तोंड खांब रोवून गाड्यांना बंद करायचं आणि चालणाऱ्यांना, सायकलींना मोकळं ठेवायचं. रहिवाशांना गाडी काढायला दुसरं तोंड उरतंच. ॲम्ब्युलन्ससाठी मधला खांब काढता येईल असा ठेवायचा. मला स्वतःला हाच उपाय पटतो. हे वाचून होस्टेलवर माझं काय होईल ते मला माहीत आहे.

वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जावर सह्या घेताना काकूंकडे गेलो आणि तो हेल्मेटवाला मी होतो हे सांगून टाकलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "सही कुठं करायची ते दाखव." त्या रात्री मला दुसऱ्यांदा भात विचारला नाही.

अर्ज देऊन झालाय. ऑफिसातले साहेब म्हणाले, सकाळचीही मोजणी जोडा. स्टॉपवॉच दोन आहेत, खडू डिपार्टमेंटमधून मिळेल, माणसं कमी आहेत. येणाऱ्यांनी सोमवारी सकाळी आठला गिरणीपाशी भेटा. गाडी होस्टेलवर ठेवून चालत या.