उन्हानं वाळलेली गाडी आणि हवेनं वाळलेली गाडी



आज एक असा पाठ सांगते, जो मला वर्गात नाही, वॉशिंग सेंटरच्या दारात सुचला. मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटी धुवायला रांगेत उभी होते. सणाच्या तोंडावर गर्दी किती असते ते सांगायला नको. ते सेंटर माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या बाबांचं. त्यांनी एका जीपवर पाणी मारणं संपवलं, पाण्याचा पाइप बाजूला टाकला आणि दुसऱ्या नळीला लावलेल्या बंदुकीनं हवा मारायला सुरुवात केली. आरशाच्या खाचेतून, दाराच्या मुठीमागून, नंबर प्लेटच्या आतून पाणी भसाभस बाहेर यायला लागलं.

पोरगं माझ्याशेजारी येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "मॅडम, ऊन तर एवढं कडक पडलंय. गाडी आपोआप वाळतीय की. मग बाबा हवा कशाला मारलालेत?"

प्रश्न अगदी रास्त होता. "लवकर वाळावी म्हणून" असं उत्तर देऊन मी मोकळी झाले असते, पण ते अर्धंच उत्तर झालं असतं. उरलेलं अर्धं शोधण्यात पुढचे चार तास (म्हणजे तासिका!) गेले.

पहिला प्रयोग अगदी साधा. काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांची दोन झाकणं घेतली. काळीच घ्या, कारण डाग पांढरा पडतो. दोन्हींवर शाळेच्या बोअरच्या पाण्याचे पाच-पाच थेंब टाकले. एक झाकण उन्हात ठेवलं. दुसऱ्यावरचे थेंब सायकलच्या पंपानं हवा मारून उडवले. शाळेत कॉम्प्रेसर कुठून आणणार, पंप पुरतो. अर्ध्या तासानं पोरांना दोन्ही झाकणं दाखवली. उन्हातल्या झाकणावर पांढऱ्या पाच टिकल्या, कडेला गडद आणि मध्ये फिकट. पंपानं वाळवलेलं झाकण जवळजवळ स्वच्छ.

ऊन पाणी नेतं, पण फक्त पाणीच नेतं. बोअरच्या पाण्यात खडकातून विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही, ते तिथंच बसतात. जोराची हवा मात्र थेंबाची वाफ होण्याची वाट बघत नाही. ती अख्खा थेंब ढकलून देते, क्षारांसकट. म्हणून काळ्या गाडीवर बोअरचं पाणी मारून ती उन्हात सोडली की ठिपकेच ठिपके दिसतात, आणि हवेनं वाळवली तर दिसत नाहीत. आपल्याकडं माळावर काळा पाषाण आणि त्याच्या पोटातलं जड पाणी. त्यामुळं हा फरक आपल्या मुलांना दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवाळीत माहेरी नांदेडला गेले तेव्हा मुद्दाम तोच प्रयोग नळाच्या पाण्यावर करून पाहिला. तिथं डाग पडला, पण बराच फिकट. गोदावरीवरच्या विष्णुपुरीचं धरणाचं पाणी आणि खोल बोअरचं पाणी यातला फरक भाचरांनाही डोळ्यांनी दिसला.

मुलांनी लगेच विचारलं, मग पडलेला डाग कसा काढायचा? लिंबाचा रस दोन थेंब लावला, थोडा वेळ थांबलो, पुसलं, गेला. (गाडीच्या रंगावर मात्र लिंबू चोळत बसू नका, आणि लावलंच तर लगेच पाण्यानं धुवा.)

आता धुळीकडं येते. खळ्यावर उपणणी पाहिलेली मुलं दरवर्षी कमी होत चाललीत, पण आजीला विचारून या म्हटलं की माहिती गोळा होते. सुपातून धान्य वरून सोडायचं, वारा हलका भुसा लांब नेतो, जड दाणा जवळ पडतो. गाडीवरची सुटी धूळ हवेनं उडते ती याच न्यायानं. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की धुळीतले बारीक खडे रंगावर घासले जातात आणि ओरखडे पडतात. आधी हवा मारली तर खडे उडून जातात, फडक्याला घासायला काही उरत नाही. चुलीची फुंकणी आणि लोहाराचा भाता हेही मुलांना आठवून द्या. हवा बारीक तोंडातून काढली की ती नेमकी हवी तिथं पोचते. बंदुकीचं तोंड बारीक असतं ते त्याचसाठी.

पण आपल्या काळ्या मातीपुढं हवेचं काही चालत नाही. पावसाळ्यात शेतातून आलेल्या जीपच्या चाकाला जो चिखल बसतो, तो वाळून विटेसारखा होतो. त्याच्यावर कितीही हवा मारा, वरची भुकटी उडेल, खालचा थर तसाच. तिथं पाणीच लागतं. "फक्त हवेनं गाडी स्वच्छ" असं कुणी सांगितलं तर पोरांना मडगार्डखाली वाकून बघायला सांगा.

पाण्याचा विषय निघाला आणि लातूरची आठवण निघाली नाही असं होत नाही. 2016 साली मी नोकरीला नवीन होते. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लागली होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्या, प्रत्येकीत 50,000 लिटर. पुढं 50 टाक्यांची गाडी येऊ लागली. त्या टाक्या पाणी भरण्याआधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं स्वच्छ केल्या होत्या.

आज पाचवीत असलेल्या मुलांना ते दिवस आठवणं शक्यच नाही. त्यांना ही गोष्ट सांगून झाली की फळ्यावर गणित घालते. पहिल्या गाडीत एकूण पाणी किती? 5 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. आपण 3,80,000 धरू. सगळ्यांना सारखं वाटलं तर माणशी किती? सुमारे 1.3 लिटर. पाण्याची एक बाटली आणि वर दीड-दोन कप. एक कार पाइपनं धुवायला 100 लिटर लागतात असं धरलं, तर एका कारमध्ये किती माणसांचा वाटा गेला? 77 माणसांचा. भागाकार इथं संपतो, पण वर्ग थोडा वेळ गप्प असतो. मी पण काही बोलत नाही.

त्या उन्हाळ्यात मी राहायचे त्या रस्त्यावरचं वॉशिंग सेंटर बंदच होतं. पण मालकाकडं पंक्चरच्या कामाचा कॉम्प्रेसर होता. तो गाडीवरची, सीटवरची, पायपुसण्याखालची धूळ हवेनं उडवून द्यायचा आणि ओल्या फडक्यानं काचा पुसायचा. अर्ध्या बादलीत काम. तेव्हा मला त्यात विज्ञान दिसलं नाही, नुसती नड दिसली.

आता कॉम्प्रेसरविषयी. मुलांना यंत्र दाखवायचं असेल तर हवा-पंक्चरच्या दुकानाइतकी चांगली जागा नाही, मात्र आधी मालकाशी बोलून घ्या. मोटर दट्ट्या खालीवर करते, दट्ट्या बाहेरची हवा ओढून टाकीत कोंबतो, टाकीवरचा काटा दाब दाखवतो. सायकलचा पंप भराभर मारला की खालून गरम लागतो, तसंच हेही गरम होतं. 100 लिटरच्या टाकीत काटा 7 बारवर असेल तर आत साधारण 800 लिटर मोकळी हवा दाबून बसवलेली असते. काटा शून्यावर असतानाही टाकीत 100 लिटर हवा असतेच, म्हणून 700 नाही, 800. इथं हुशार मुलंही चुकतात, मीही चुकले होते. एसटी थांबताना जो "फुस्स" आवाज येतो तो ब्रेकमधून सुटलेल्या अशाच दाबलेल्या हवेचा. हे सांगितलं की वर्गात सगळेच फुस्स करतात, त्याला इलाज नाही.

सगळ्यात जास्त रस मुलांना आला तो टाकीखालच्या छोट्या नळात. दुकानदारानं तो उघडला आणि आतून पाणी आलं, थोडं तांबूस. "मॅडम, हवेच्या टाकीत पाणी कुणी भरलं?" कुणीच नाही. हवेत वाफ असतेच. हवा दाबली आणि मग गार झाली की तेवढ्याशा जागेत ती वाफ मावत नाही, तिचं पाणी होतं. पावसाळ्यात हे पाणी जास्त निघतं, एप्रिल-मेमध्ये कमी. परिसर अभ्यासात जलचक्राचं चित्र आपण वर्षानुवर्षं रंगवून घेतो. इथं ते लोखंडी टाकीत चालू असतं. तो नळ रोज उघडला नाही तर टाकी आतून गंजते, आणि गाडी वाळवायला घेतलेली बंदूक उलट पाण्याचे शिंतोडे मारते. कॉम्प्रेसरमधलं तेल हवेबरोबर येत असेल तर काचेवर तेलकट थरही बसतो, म्हणून मध्ये गाळणी लावतात.

पालकांपैकी कुणी घरी छोटा कॉम्प्रेसर घेतला असेल तर दोन गोष्टी. हवा वरून खाली मारत या. आधी टप, मग काचा, मग आरसे आणि मुठी, शेवटी खालचा भाग, नाहीतर वाळवलेल्या जागेवर पुन्हा पाणी ओघळतं. रेडिएटरच्या पातळ पात्यांवर जवळून मारू नका, त्या वाकतात. आणि हवा फुकट नाही. दीड किलोवॅटची मोटर अर्धा तास चालली की पाऊण युनिट वीज जाते.

आता त्या संध्याकाळचं राहिलेलं सांगते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

बाबा गिऱ्हाइकाशी हिशेब करत असताना पोराच्या मित्रानं बंदूक उचलली आणि गंमत म्हणून याच्या शर्टात मागून हवा सोडली. शर्ट फुग्यासारखा फुगला. दोघं हसून हसून लोळायला लागले. मग दुसऱ्यानं बंदूक खाली नेली, तेव्हा मी ओरडले. इतक्या जोरात की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

7 बार म्हणजे काय, ते मी मुलांना असं सांगते. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सात किलोचं ओझं. बंदुकीचं तोंड अंगाला टेकवलं तर तो दाब आत जायला वाट शोधतो. जखमेतून हवा कातडीखाली शिरते. डोळ्यात धुळीचा कण गोळीसारखा घुसतो. कानाचा पडदा फाटू शकतो. आणि गुदद्वाराशी नळी लावण्याची "मस्करी" तर जीव घेते. कपडे मध्ये असले तरी आतडं फाटतं, एका सेकंदात. आपल्या देशात कारखान्यांत, गॅरेजमध्ये अशा मस्करीत कामगार आणि किशोरवयीन मुलं दगावल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. हे शब्द पाचवीच्या वर्गात कसे उच्चारायचे, असा संकोच मलाही वाटला. शेवटी "तोंड, नाक, कान, डोळे आणि शी-शूची जागा" असं सरळ म्हटलं. दोघं-तिघं हसले, मग थांबले. अमेरिकेत कामाच्या जागी सफाईसाठी वापरायच्या हवेचा दाब 30 पीएसआयच्या, म्हणजे 2 बारच्या आत ठेवायचा नियम आहे, तोही डोळ्यांचं संरक्षण करून. कारच्या टायरमध्ये साधारण तेवढीच हवा असते. आपल्याकडच्या गॅरेजात टाकीचा पूर्ण दाब थेट बंदुकीला जोडलेला असतो.

हे मी पालकसभेत मांडलं तेव्हा एक बाबा उठले. ते डाळमिलला कामाला जातात. म्हणाले, "मॅडम, आम्ही तर रोज सुटताना अंगावरची भुकटी हवेनंच उडवतो. डोक्यावरनं पायापर्यंत. घरी पोराला पण तसंच करून दाखवलंय मी, स्कूटरच्या पंपानं." सभेत थोडी हसाहस झाली. त्यांना स्वतःलाही हसू आलं. मग त्यांनीच विचारलं की भुकटी काढायची कशानं मग. कुणीतरी म्हणालं, कपड्याचा ब्रश. कुणी म्हणालं, ओला पंचा. एका आईनं सुचवलं की मिलमध्येच शर्ट बदलून यायचं, म्हणजे भुकटी घरी लेकरापर्यंत पोचणारच नाही. ते खाली बसले आणि शेजारच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. पुढच्या सोमवारी त्यांचा मुलगा वर्गात सांगत होता, "बाबांनी डब्याच्या पिशवीत दुसरा शर्ट न्यायला सुरुवात केलीय."